हाताने घडवलेले शिल्परूप दिवे आणि गृहसजावट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीपूर्वीच्या बाजारात, हिवाळ्यातील हस्तकला जत्रांत आणि मोठ्या शहरांतील डिझाइन प्रदर्शनांत कागद, तांबे, माती, काच आणि चामडे यांपासून हाताने घडवलेले दिवे अलीकडे मोठ्या संख्येने मांडलेले दिसतात. किमतीची चिठ्ठी पाहून मागे सरणारे आणि पाहताक्षणी मोहात पडणारे, असे दोन्ही प्रकारचे लोक साधारणतः तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरे येथे दिली असून शेवटचे काही प्रश्न स्वतःचे काम मांडू इच्छिणाऱ्या डिझायनरांसाठी आहेत.

शिल्परूप दिवा कशाला म्हणावे? शोभेचा कोणताही दिवा शिल्परूप ठरतो काय?

ठरत नाही. ज्या दिव्याचा आकार आणि त्यातून बाहेर पडणारा उजेड यांचा विचार एकत्र झालेला असतो, त्यालाच हे नाव शोभते. पितळी हत्तीच्या पाठीवर होल्डर बसवला म्हणून तो शिल्परूप दिवा होत नाही, कारण तेथे शिल्प वेगळे आणि दिवा वेगळा राहतो. याची सोपी परीक्षा अशी की दिवा आधी बंद अवस्थेत पाहावा, मग लावून पाहावा आणि त्यानंतर दिव्याकडे पाठ करून समोरच्या भिंतीकडे पाहावे. तिन्ही वेळा पाहण्याजोगे काही सापडले, तर निर्मात्याने पूर्ण विचार केला आहे असे समजण्यास हरकत नाही. प्रदर्शनात बहुतेक जण पहिल्या दोन गोष्टी करतात आणि तिसरी विसरतात. घरी गेल्यावर मात्र आपला सहवास भिंतीवरच्या उजेडाशीच अधिक असतो.

या प्रकाराचे सर्वमान्य उदाहरण कोणते?

जपानी-अमेरिकी शिल्पकार इसामू नोगुची (१९०४–१९८८) यांचे ‘अकारी’ दिवे. नोगुची १९५१ मध्ये जपानमधील गिफू या शहरी गेले. नागारा नदीकाठचे हे शहर कागदी कंदील आणि छत्र्यांसाठी जुन्या काळापासून प्रसिद्ध होते, परंतु युद्धानंतर तो धंदा उतरणीला लागला होता. त्याला नवे रूप देता येईल काय, अशी विचारणा तेथील महापौरांनी केली आणि नोगुचींनी आराखडे काढण्यास सुरुवात केली. हे काम त्यांनी आयुष्याच्या अखेरपर्यंत सोडले नाही. शंभराहून अधिक नमुने त्यातून तयार झाले आणि गिफूमधील ओझेकी या जुन्या कंदीलनिर्मात्यांकडे ते आजही हाताने बनतात.

त्यांची कृती समजून घेण्यासारखी आहे, कारण हाताच्या कामात वेळ नेमका कोठे जातो हे तिच्यातून कळते. प्रथम अनेक पाकळ्यांसारख्या फळ्या एकत्र जोडून लाकडी साचा उभा केला जातो. त्या फळ्यांच्या कडांवर खाचा असतात. बांबूची बारीक लांब कामटी या खाचांतून वळसे घेत साच्याभोवती गुंडाळली जाते. तुतीच्या कुळातील झाडाच्या सालीपासून केलेला कागद पट्ट्यांमध्ये कापून त्या सांगाड्यावर चिकटवतात. तो वाळला की आतील साच्याचे भाग एकेक करून सुटे केले जातात आणि दिव्याच्या तोंडातून बाहेर काढले जातात. उरतो तो केवळ कागद आणि बांबू यांचा पोकळ आकार, जो दाबला की चपटा होतो आणि पाकिटात घालून जगात कोठेही पाठवता येतो. कागदाचे तंतू उजेड अडवतही नाहीत आणि सरळ जाऊही देत नाहीत. ते तो पसरवतात, म्हणून बल्ब डोळ्यांत खुपत नाही आणि संपूर्ण आकार आतून उजळल्यासारखा दिसतो.

१९८६ मध्ये इटलीतील व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात अमेरिकेच्या दालनात नोगुचींनी हेच दिवे संगमरवराच्या एका भव्य घसरगुंडीसोबत मांडले. बाजारात मिळणारा कागदी दिवा शिल्प म्हणून मांडावा काय, या शंकेला त्यांनी कृतीनेच उत्तर दिले.

मग आपला आकाशकंदील याच प्रकारात मोडतो काय?

कामट्यांचा सांगाडा, त्यावर खळीने चिकटवलेला पतंगी कागद आणि आत दिवा, एवढ्यावरून पाहिले तर नाते सरळ आहे. पारंपरिक कंदिलाचे चौकोन व त्रिकोण एकमेकांत असे गुंफलेले असतात की थोड्याशा कामट्यांत मजबूत घनाकार उभा राहतो, आणि खालच्या झिरमिळ्या वाऱ्यावर हलू लागल्या की उजेडही हलता होतो. मुंबईत माहीमच्या कंदील गल्लीत दिवाळीपूर्वी हे काम रस्त्यावरच चाललेले पाहता येते. फरक टिकाऊपणाचा आहे. कंदील काही दिवसांसाठी केलेला असतो आणि त्याचा पातळ कागद तेवढ्यापुरताच निवडलेला असतो. ज्या तरुण डिझायनरांनी कंदिलाची हीच रचना जाड हातकागदात किंवा सुती कापडात करून वर्षभराचा दिवा बनवला आहे, त्यांचे काम मला आयात केलेल्या नमुन्यांच्या नकलांपेक्षा अधिक मोलाचे वाटते.

महाराष्ट्रातील कोणत्या कारागिरीतून असे दिवे घडतात?

पहिले नाव तांबटकामाचे घ्यावे लागेल. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत पेशवाईपासून तांब्याचे ठोके ऐकू येत आले आहेत. बंब, घंगाळे आणि हंडे यांची मागणी घटल्यावर तेथील काही कारागीर डिझायनरांच्या सहकार्याने दिव्यांच्या छत्र्या, तबके आणि फुलदाण्या करू लागले. या कामाचा प्राण म्हणजे मठारकाम. आकार दिलेले भांडे लोखंडी आधारावर धरून गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने एकाशेजारी एक असे ठोके दिले जातात. ठोक्यांनी पत्रा कठीण आणि ताठ होतो, आणि पृष्ठभागावर असंख्य लहान पैलू उमटतात. तांब्याची छत्री आतून मठारलेली असेल, तर प्रत्येक पैलू बल्बचा उजेड वेगळ्या दिशेला परतवतो आणि टेबलावर एकसुरी झोताऐवजी उबदार, किंचित थरथरता उजेड पडतो. ठोक्यांच्या ओळी जवळून पाहाव्यात. यंत्राने छापलेल्या पत्र्यावर सर्व खळगे एकाच खोलीचे व एकाच मापाचे असतात, तर हाताच्या कामात ओळ वळणावर दाटते आणि सपाटीवर मोकळी होते.

दुसरे नाव हातकागदाचे. महात्मा गांधींच्या प्रेरणेने १९४० मध्ये पुण्यात सुरू झालेल्या हातकागद संस्थेत सुती चिंध्यांच्या लगद्यापासून कागद तयार होतो. दौलताबादजवळचे कागजीपुरा आणि जुन्नर ही ठिकाणेही कागदासाठी जुन्या काळापासून ओळखली जातात. सुती लगद्याचा कागद लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या साध्या कागदापेक्षा उशिरा पिवळा पडतो, म्हणून दिव्यासाठी तो चांगला. महाराष्ट्राबाहेर, बंगळुरूमध्ये जाहिरातपट सोडून या कामाकडे वळलेल्या जेनी पिंटो यांनी केळीच्या खोडातील तंतूंच्या कागदाचे दिवे केले आहेत. या कामात कागदाचे तंतू लपवलेले नसतात, आणि दिवा लावला की तेच नक्षी होतात.

तिसरा धागा छायाबाहुल्यांचा. सिंधुदुर्गातील कुडाळ तालुक्यातील पिंगुळी येथे ठाकर समाजाने चित्रकथी (चित्रे दाखवत कथा सांगण्याची कला), कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या जपल्या आहेत. या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. चामड्याच्या दिव्यांचा व्यवसाय मात्र आंध्र प्रदेशातील धर्मावरमजवळच्या निम्मलकुंटा गावात अधिक वाढला. तेथील बाहुलीकार घराणी आपले पूर्वज मराठी मुलखातून आल्याचे सांगतात. बकऱ्याचे कातडे पारदर्शक होईपर्यंत स्वच्छ करून, ताणून, वाळवून त्यावर रेखाटन केले जाते, मग बारीक छिन्न्यांनी हजारो छिद्रे पाडली जातात. बाहुलीत ज्या छिद्रांमधून दागिने चमकतात, त्याच छिद्रांमधून छत्रीत भिंतीवर ठिपक्यांची नक्षी पडते.

‘हस्तनिर्मित’ असे लिहिलेले असले म्हणजे ते खरे मानावे काय?

चिठ्ठीवरचा शब्द पुरावा होत नाही. अनेक वस्तूंत यंत्राने कापलेले भाग हाताने केवळ जोडलेले असतात. त्यात गैर काही नाही, परंतु ते स्पष्ट सांगितले जावे. खरेदीदाराने ‘हे हाताने केले आहे काय?’ असे विचारण्याऐवजी ‘यातील कोणता भाग हाताने केला, कोणी केला आणि त्यास किती वेळ लागला?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला सर्वत्र होकारच मिळतो. दुसऱ्या प्रश्नाला जाणकार विक्रेता थांबून, सविस्तर उत्तर देतो. फुंकून केलेल्या काचेत सूक्ष्म बुडबुडे आणि जाडीतील फरक दिसतो, आणि काम धरण्याची सळई जेथे तोडली तेथे तळाशी खूण किंवा ती घासल्याची जागा असते. चाकावरच्या मातीकामात आतील बाजूस बोटांची वलये जाणवतात. तथापि खडबडीतपणा म्हणजे हातकाम असे समीकरण मांडू नये. निष्काळजी जोड, डगमगणारा तळ आणि उघड्या तारा यांना ‘हाताची खूण’ म्हणून खपवणारे विक्रेतेही भेटतात. कसलेल्या कारागिराचे काम बहुतेक वेळा यंत्राइतके नीटस असते.

कलाकृतीवर डिझायनरचे नाव असते, कारागिराचे का नसते?

हा प्रश्न जुना आहे आणि त्याचे एक बोलके उदाहरण न्यूयॉर्कमधील टिफनी दिव्यांचे आहे. रंगीत काचेचे ते दिवे अनेक दशके लुई कम्फर्ट टिफनी यांच्या एकट्याच्या नावाने ओळखले जात. त्यांच्या कार्यशाळेतील स्त्रियांच्या काचकाम विभागाच्या प्रमुख क्लारा ड्रिस्कॉल यांची पत्रे अभ्यासकांच्या हाती आली, तेव्हा चतुर हा कीटक आणि विस्टेरियाची वेल यांचे प्रसिद्ध नमुने त्यांच्या कल्पनेतून उतरल्याचे स्पष्ट झाले. २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या इतिहाससंस्थेने ड्रिस्कॉल आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांच्या कामावर प्रदर्शन भरवले. चतुराच्या दिव्याला १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात पारितोषिक मिळाले होते, आणि हातांची ओळख पटेपर्यंत शतक उलटले.

आपल्याकडेही चित्र फार वेगळे नाही. आराखडा डिझायनरचा, घडण कारागिराची आणि नाव केवळ पहिल्याचे, असे सर्रास दिसते. काही स्टुडिओ आता चिठ्ठीवर कारागिराचे नाव आणि गाव छापतात. ग्राहकाने ते विचारण्याची सवय लावून घेतली, तर ही प्रथा लवकर पसरेल, कारण विक्रेते ग्राहकाच्या प्रश्नांना बाकी कशापेक्षाही अधिक मान देतात.

किंमत इतकी अधिक का असते?

साहित्याचा वाटा बहुधा लहान असतो. खर्च वेळेचा, भट्टीत तडकलेल्या किंवा वाळताना वाकलेल्या नगांचा, वाहतुकीत फुटण्याचा आणि प्रदर्शनातील जागेच्या भाड्याचा असतो. मध्यस्थ जितके अधिक, तितकी किंमत वाढते आणि कारागिराचा हिस्सा घटतो. म्हणून शक्य असेल तेथे घडवणाऱ्याकडूनच घ्यावे. घासाघीस टाळावी असे मी म्हणणार नाही, परंतु एकाच नगावर ती करण्यापेक्षा जोडीने घेऊन सवलत मागणे दोघांनाही परवडते.

असे काम कोठे पाहायला मिळते?

मुंबईत फेब्रुवारीच्या सुमारास होणारा, १९९९ पासून चालत आलेला काळा घोडा कला महोत्सव, पुण्यात डिसेंबरमध्ये भरणारी भीमथडी जत्रा आणि बचत गटांच्या मालाचे महालक्ष्मी सरस प्रदर्शन ही सर्वसामान्यांना सहज जाता येण्याजोगी ठिकाणे आहेत. डिझायनर आणि वास्तुरचनाकारांच्या दृष्टीने दिल्लीतील ‘इंडिया डिझाइन आयडी’ आणि २०२४ पासून वांद्रे-कुर्ला संकुलात सुरू झालेले ‘डिझाइन मुंबई’ यांकडे पाहिले जाते. परदेशात मिलान येथील १९६१ पासूनच्या फर्निचर प्रदर्शनाला जोडून, एक वर्षाआड भरणारे ‘युरोलुचे’ हे दिव्यांचे प्रदर्शन सर्वांत मोठ्यांपैकी एक मानले जाते. जत्रेत गर्दी टाळण्यासाठी सकाळी जावे, हा सल्ला सर्वत्र दिला जातो. दिवे पाहायचे असतील, तर मात्र संध्याकाळीच जावे.

स्टॉलवर सुरेख दिसलेला दिवा घरी फिका का पडतो?

या तक्रारीचे कारण बहुतेक वेळा घरातील ट्यूबलाइट हेच असते. स्टॉलच्या मागे गडद पडदा असतो आणि भोवती उजेड कमी असतो. घरी तोच दिवा पांढऱ्या भिंती आणि ६५०० केल्विनच्या (केल्विन हे उजेडाच्या छटेचे माप, आकडा जितका मोठा तितका उजेड थंड व निळसर) थंड पांढऱ्या उजेडाशी स्पर्धा करतो. शिल्परूप दिवा खोलीतील मुख्य उजेडासाठी नसतो. त्यासाठी कोपरा निवडावा, मुख्य दिवे बंद ठेवता येतील अशी वेळ निवडावी आणि भिंतीपासून थोडे अंतर ठेवावे. छिद्रांची नक्षी हवी असेल तर भिंत साधी व फिकट रंगाची असावी, आणि आतील बल्ब लहान व स्वच्छ काचेचा असावा. दुधी बल्ब लावला की सावल्यांच्या कडा विरघळतात आणि छिद्रांवरची सर्व मेहनत वाया जाते. कागदी दिव्यात मात्र नेमका दुधी बल्बच लावावा.

बल्ब कोणता वापरावा?

एलईडी, २७०० ते ३००० केल्विनचा उबदार उजेड देणारा. रंग यथातथ्य दाखवण्याचा निर्देशांक ९० किंवा अधिक असेल तर तांबे, माती आणि लाकूड यांचे रंग मरत नाहीत. पूर्वी साठ वॅटचा तारेचा बल्ब जेवढा उजेड देई, तेवढा आज सात ते नऊ वॅटचा एलईडी देतो. कोपऱ्यातील दिव्याला त्याहूनही कमी पुरतो. कागद, कापड आणि चामडे यांच्या छत्रीत तारेचा जुना बल्ब लावू नये, कारण त्याची बहुतांश वीज उष्णतेत जाते. एलईडीलाही पूर्ण बंद पोकळीत उष्णता सोसत नाही, म्हणून वर किंवा खाली हवा खेळण्यास वाट आहे काय ते पाहावे. प्रकाश कमी-जास्त करण्याचे बटण हवे असल्यास बल्ब त्यासाठी योग्य असल्याची खूण त्याच्या खोक्यावर पाहून घ्यावी, अन्यथा तो लुकलुकतो.

टांगता दिवा लावताना कशाची काळजी घ्यावी?

प्रथम पंख्याची. आपल्या घरांत छताच्या मध्यभागी पंखा असतो आणि नेमका त्याच्याजवळ दिवा टांगला की कागदी दिवा झोके घेतो, आणि उजेड पात्यांच्या वर असेल तर संपूर्ण खोलीत सावल्या फिरतात. जेवणाच्या टेबलावरील दिव्याचा खालचा काठ टेबलापासून ७५ ते ९० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे समोरच्याचा चेहरा झाकला जात नाही आणि बल्ब डोळ्यांवर येत नाही. तांबे, माती किंवा काचेचा जड दिवा जिप्समच्या खोट्या छतावर कधीही टांगू नये. वरच्या स्लॅबमध्ये हूक बसवून घ्यावा आणि वजन तारेवर न येता साखळीवर किंवा पोलादी दोरीवर येईल असे पाहावे. धातूच्या दिव्याला अर्थिंग जोडलेले असलेच पाहिजे. कलाकृती म्हणून घेतलेली वस्तूही शेवटी विजेचे उपकरण असते, हे कलावंत आणि ग्राहक दोघेही विसरतात.

पावसाळ्यात आणि दमट हवेत हे दिवे टिकतात काय?

काळजी घेतल्यास टिकतात. कागदाला बुरशी आणि कसर यांपासून धोका असतो, म्हणून पावसाळ्यात दिवा रोज थोडा वेळ लावावा आणि धूळ मऊ कुंचल्याने झटकावी. ओले फडके लावू नये. तांबे किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत लवकर काळवंडते आणि त्यावर हिरवट डाग पडतात. मुलामा नसलेल्या तांब्याला चिंच-मीठ चालते, परंतु पारदर्शक लेप दिलेल्या किंवा मुद्दाम काळसर केलेल्या पृष्ठभागाला ते लावल्यास काम कायमचे बिघडते, म्हणून खरेदीच्या वेळीच विचारून घ्यावे. चामड्याची छत्री उन्हात आणि ओलीत वाकते. तिला खिडकीपासून दूर ठेवावे.

आम्ही नव्याने काम मांडणार आहोत. नकलेपासून संरक्षण कसे मिळते?

हे उत्तर नव्या डिझायनरांनी शांतपणे वाचावे. डिझाइन्स अधिनियम, २००० नुसार वस्तूच्या बाह्य रूपाची नोंदणी करता येते. संरक्षण प्रथम दहा वर्षांचे असून ते आणखी पाच वर्षे वाढवता येते. अट अशी की नोंदणीपूर्वी ते रूप प्रसिद्ध झालेले नसावे. याचा अर्थ प्रदर्शनात मांडले किंवा समाजमाध्यमावर छायाचित्र टाकले आणि मग अर्ज केला, तर नावीन्य गेले असे ठरू शकते. केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांना यातून सवलत आहे, परंतु तेथेही आधी डिझाइन नोंदणीच्या नियंत्रकांना सूचना देणे आणि सहा महिन्यांत अर्ज करणे आवश्यक असते. कॉपीराइट आहेच, असे समजून स्वस्थ बसणेही धोक्याचे आहे. नोंदणीयोग्य पण नोंदणी न केलेल्या डिझाइनची वस्तू औद्योगिक पद्धतीने पन्नासपेक्षा अधिक वेळा तयार झाली, की कॉपीराइट अधिनियमाच्या कलम १५ नुसार तो हक्क संपतो. पारंपरिक नक्षी मात्र कोणाही एकाच्या नावावर नोंदवता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

स्टॉलवर दिवे कसे मांडावेत?

कमी मांडावेत. एकमेकांना खेटून लावलेले वीस दिवे एकमेकांचा उजेड खातात. प्रत्येक नमुन्यामागे रिकामी भिंत ठेवावी, निदान एक दिवा बंद ठेवावा आणि अर्धवट घडलेला एक नग शेजारी ठेवावा. उलगडलेला सांगाडा किंवा अर्धाच मठारलेला पत्रा पाहून लोक किमतीचा प्रश्न वेगळ्या सुरात विचारतात. आयोजकांकडून वीजजोडाची क्षमता लेखी घ्यावी आणि जादा बल्ब जवळ ठेवावेत.

परदेशात राहणाऱ्या नातलगांसाठी दिवा पाठवता येतो काय?

येतो, पण वीजजोडणीविना पाठवणे उत्तम. भारतात २३० व्होल्ट आणि बहुधा खटक्याचा बी-२२ होल्डर असतो, अमेरिकेत १२० व्होल्ट आणि आट्यांचा ई-२६. छत्री आणि सांगाडा पाठवून तार व होल्डर तेथील प्रमाणित घ्यावेत. लाकडी पेटीत पाठवायचे झाल्यास त्या पेटीच्या लाकडावर आयएसपीएम-१५ या, लाकडातील कीड मारण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार केलेल्या प्रक्रियेचा शिक्का लागतो. ऑस्ट्रेलियासारख्या देशांत बांबू, गवत, बिया आणि चामडे यांची तपासणी कडक असते, म्हणून अशा साहित्याचा दिवा पाठवण्यापूर्वी तेथील नियम पाहावेत आणि पेटीवरील यादीत साहित्याचे नाव मोघम न लिहिता स्पष्ट लिहावे.